करंटची टेस्ट आणि नस-स्नायूंचे ऑटोइम्यून आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली १८ वर्षं मी छत्रपती संभाजीनगरात ईएमजीच्या, म्हणजे नस-स्नायूंची वीज तपासणाऱ्या मशीनवर टेक्निशियन म्हणून काम करते. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून येणारी माणसं टेबलावर आडवी होण्याआधी जे विचारतात आणि रिपोर्ट हातात पडल्यावर फोनवर जे लिहून पाठवतात, त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. निदान करणं आणि औषध ठरवणं हे न्यूरोच्या डॉक्टरांचं काम. पण टेस्ट नीट व्हावी म्हणून पेशंटने काय सांगायला हवं, ते मला रोज दिसतं. ते न सांगितल्यामुळे वाया गेलेल्या टेस्टही मी पाहिल्या आहेत.

१. चिठ्ठीवर ‘एनसीव्ही, ईएमजी, आरएनएस’ असं लिहिलंय. ही एकच टेस्ट आहे की तीन?

तीन, पण बहुधा एकाच टेबलावर, एकाच वेळी होतात. विहिरीवरची मोटर चालेनाशी झाली की आपण तीन ठिकाणी बघतो: पोलवरून आलेली वायर, पेटीतला स्टार्टर आणि खुद्द मोटर. शरीरात वायर म्हणजे नस, मोटर म्हणजे स्नायू आणि नस जिथे स्नायूला टेकते तो सांधा म्हणजे स्टार्टर. एनसीव्हीत नसेतून संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ते कळतं. आरएनएसमध्ये एकाच नसेला लागोपाठ झटके देऊन सांधा तपासतात. ईएमजीत बारीक सुई स्नायूत घालून स्नायूची स्वतःची वीज ऐकतात. ऐकतात असंच म्हणते, कारण मशीनला स्पीकर असतो आणि अनुभवी डॉक्टर आवाजावरूनच बरंच ओळखतात.

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात, त्यामुळे काही जण पायाच्या डॉपलरचा रिपोर्ट घेऊन येतात आणि म्हणतात, नसांची टेस्ट झाली आहे. ती रक्तवाहिन्यांची. ही वेगळी.

२. ‘ऑटोइम्यून’ म्हणजे काय? यात कोणते आजार येतात?

जंतूंशी लढायला तयार होणाऱ्या अँटिबॉडी किंवा पेशी चुकून आपल्याच शरीरावर उलटतात, ते आजार ऑटोइम्यून. त्या कुठे उलटतात त्यावर नाव ठरतं. वरचंच उदाहरण धरलं तर वायरवर उलटल्या की गिया बारे सिंड्रोम (जीबीएस) किंवा त्याचा रेंगाळणारा भाऊ सीआयडीपी. स्टार्टरवर उलटल्या की मायस्थेनिया ग्रेव्हिस, क्वचित लॅम्बर्ट-इटन. खुद्द मोटरवर उलटल्या की मायोसायटिस, म्हणजे स्नायूंची सूज. आमच्याकडे येणारे बहुतेक जण हे सगळं ‘लकवा’ या एकाच नावाने सांगतात. आजार कुठल्या ठिकाणचा, हे वेगळं करणं हेच या टेस्टचं काम.

३. अमिताभ बच्चनला झाला होता तोच का हा आजार?

हो, मायस्थेनिया ग्रेव्हिस. १९८०च्या दशकात त्यांना तो झाल्याचं निदान झालं आणि त्यानंतरचं त्यांचं काम सगळ्यांनी पाहिलं आहे. नातेवाईक घाबरलेले असले की मी हेच उदाहरण देते.

४. आईची पापणी संध्याकाळी पडते, एकाचे दोन दिसतात, सकाळी मात्र ठीक. त्रास डोळ्याला आहे तर करंट हाताला का देता?

सकाळी बरं आणि वापराने, दिवस कलताना वाईट, ही मायस्थेनियाची मोठी खूण. पुष्कळ घरांत याला नजर लागली किंवा बाहेरचं काही आहे समजून महिने जातात. तुम्ही टेस्टपर्यंत आलात हे चांगलं झालं.

आता करंट. नसेच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला (ते धरून घेणाऱ्या जागांना) चिकटतं, तेव्हा स्नायू आवळतो. लागोपाठ झटके दिले की पहिल्या चार-पाच झटक्यांत दर वेळी थोडं कमी रसायन सुटतं. हे सगळ्यांचंच होतं. निरोगी माणसाकडे साठा भरपूर, त्यामुळे घरात ज्वारीची पोती भरलेली असताना पायलीभर कमी झाली तरी चुलीला कळत नाही, तसं काहीच फरक दिसत नाही. मायस्थेनियात अँटिबॉडींनी रिसेप्टर आधीच कमी केलेले असतात. मग तेवढ्या घटीने काही स्नायूतंतू गप्प बसतात.

आम्ही सेकंदाला २ किंवा ३ या गतीने साधारण १० झटके देतो. स्क्रीनवर १० शिखरं रांगेत उभी राहतात. निरोगी हातात ती एका उंचीची असतात. मायस्थेनियात दुसरं पहिल्यापेक्षा खुजं, तिसरं त्याहून, चौथं-पाचवं सगळ्यात आखूड, आणि पुढे रांग किंचित सावरते. पहिल्याच्या मानाने चौथ्या-पाचव्यात १० टक्क्यांहून जास्त घट म्हणजे टेस्ट सदोष, म्हणजे सांध्यात दोष दिसला. मग पेशंटला स्नायू मिनिटभर जोराने आवळायला लावतो आणि पुढची काही मिनिटं थांबून-थांबून तेच करतो, कारण दमल्यावर घट जास्त उघडी पडते.

फक्त हातावर आम्ही थांबत नाही. हाताचा स्नायू स्थिर धरता येतो म्हणून सुरुवात तिथून. नंतर खांद्यावरचा ट्रॅपिझियस, आणि चेहऱ्यावर नाकाचा किंवा डोळ्याभोवतीचा स्नायू. मस्क नावाच्या अँटिबॉडीच्या मायस्थेनियात हात साफ नॉर्मल आणि चेहरा सदोष, असं होतं. रिपोर्टमध्ये फक्त हाताचे आकडे असतील आणि त्रास डोळ्याचा-गिळण्याचा असेल, तर चेहऱ्याची टेस्ट का झाली नाही, हे जरूर विचारा.

स्नायूला पुन्हा पुन्हा करंट देऊन तो थकतो हे पाहण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये फ्रीडरिश योली यांनी १८९५ साली हे दाखवलं.

५. हात फळीला बांधता कामून?

हात हलला की स्नायूवरची पट्टी सरकते आणि शिखरं खोटी खुजी दिसतात. मग नसलेला आजार कागदावर येतो. म्हणून बांधतो. पट्टा घट्ट वाटला तर लगेच सांगा, सैल करून पुन्हा बसवता येतो.

६. दुखतं का? करंटने काही इजा होते का?

झटका टिचकी मारल्यासारखा, काही ठिकाणी सणकन जाणारा असतो, पण सेकंदाच्या बारीक हिश्श्याइतकाच. चेहऱ्याचा थोडा जास्त नकोसा वाटतो. सुई टोचताना दुखतं, नंतर दिवसभर जागा ठणकते. सुई प्रत्येकाला नवी. करंटने इजा होत नाही.

काही जण विचारतात की करंटने बरं वाटेल का. फिजिओथेरपीत करंटचा शेक देतात तो उपचार. ही फक्त तपासणी आहे.

७. मायस्थेनियाच्या गोळ्या चालू आहेत. टेस्टच्या आधी बंद करायच्या का?

पायरिडोस्टिग्मिन ही गोळी सांध्यातलं रसायन जास्त वेळ टिकवते, म्हणजे आम्ही जी घट शोधतो तीच झाकते. म्हणून शक्य असेल तिथे टेस्टच्या साधारण १२ तास आधीपासून ती थांबवायला सांगतात. पण डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. गिळायला, बोलायला किंवा श्वासाला त्रास असेल तर गोळी चालूच राहू द्या; शेवटची किती वाजता घेतली ते मला सांगा, मी रिपोर्टवर लिहिते. स्टेरॉइडच्या गोळ्या टेस्टसाठी कधीच आपल्या मनाने बंद करू नका.

८. तयारी काय करून यायची? उपाशी यायचं का?

उपाशी नको, जेवून या. उपवास असेल तर चालतो. आंघोळ करून या, पण नंतर तेल, मलम लावू नका. तेलकट कातडीवर पट्टी चिकटत नाही. बांगड्या, अंगठ्या, मनगटाचे गंडे-दोरे निघत असतील तर काढून ठेवा. सैल बाह्यांचे कपडे घाला. जुने सगळे कागद आणा.

आणि हात गरम ठेवा. ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गारठ्यात नस-स्नायूचा सांधा उलट बरा काम करतो, त्यामुळे थंड हातावर मायस्थेनियाची घट लपून जाते. शिवाय थंडीत नसेचा वेगही मंदावतो आणि नसलेला नसांचा आजार दिसू लागतो. एका डिसेंबरात परभणीकडून पहाटेच्या एसटीने, खिडकीशी बसून एक ताई आल्या. बोटं बर्फासारखी. घाईत मी पहिली फेरी तशीच घेतली, घट जेमतेम ४ टक्के. मनाला पटेना, कारण बोलता बोलता त्यांची पापणी माझ्यासमोर खाली येत होती. गरम पाण्याची पिशवी, वर चादर, २० मिनिटं. त्याच हातावर, त्याच स्नायूवर दुसऱ्या फेरीत घट १९ टक्के. त्या दिवसापासून कातडीचं तापमान ३२ अंशांच्या वर गेल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश असले तरी एसीत बसून हात गार पडतात, तेव्हा मे महिन्यातही शाल आणा. टेक्निशियनने हात गरम केला नाही तर आपणहून म्हणा. आम्हाला राग येत नाही.

९. टेस्ट नॉर्मल आली. मग त्रास मनाचा आहे का?

नाही. हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो, तो ऐकून जीव तुटतो. एका बाईंना ‘नॉर्मल’ रिपोर्ट दाखवल्यावर कुणीतरी घरच्यांसमोर सांगितलं की हे टेन्शनचं आहे, आणि पुढे चार महिने त्यांना भाकरी चावता येईना तरी घरात नाटक समजलं गेलं. नंतर रक्तात अँटिबॉडी निघाल्या.

मायस्थेनिया अंगभर असेल तर आरएनएस दर चार पेशंटपैकी साधारण तिघांत सदोष येते. फक्त डोळ्यापुरता असेल तर निम्म्याहून अधिक वेळा नॉर्मल येऊ शकते. गोळी चालू असणं (प्रश्न ७), थंड हात (प्रश्न ८), चुकीचा स्नायू निवडणं (प्रश्न ४) हीही कारणं. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी, त्या स्नायूत दोष दिसला नाही, एवढंच.

पुढे तीन वाटा आहेत. रक्तातली अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर अँटिबॉडी: अंगभर मायस्थेनियात ती सुमारे ८५ टक्के लोकांत सापडते, फक्त डोळ्याच्या आजारात साधारण निम्म्यांत. दुसरी, पडलेल्या पापणीवर २ मिनिटं बर्फाची पिशवी धरणं. पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त उचलली तर मायस्थेनियाची शंका बळावते. वर सांगितलेला गारव्याचा गुण इथे उपयोगी पडतो. तिसरी, सिंगल फायबर ईएमजी. ती शेजारशेजारच्या दोन स्नायूतंतूंमधल्या वेळेचा डळमळाट मोजते आणि मायस्थेनियासाठी सगळ्यात संवेदनशील आहे. स्पष्ट कमजोर असलेल्या स्नायूत ती नॉर्मल आली तर मायस्थेनिया जवळजवळ नाहीच. ती करायला वेळ आणि सराव लागतो, त्यामुळे पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं.

१०. आणि टेस्ट सदोष आली तर मायस्थेनिया नक्की?

तसंही नाही. आरएनएसमधली घट मोटर न्यूरॉन आजारातही दिसते, जिथे नसाच झिजत असतात. म्हणून सुईची टेस्ट सोबत करतात. सिंगल फायबरही नसांच्या आणि स्नायूंच्या इतर आजारांत बिघडते. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर करंटची टेस्ट टाळूही शकतात. तशी चिठ्ठी नसेल तर पैसे वाचले समजा. मायस्थेनिया ठरला की छातीचं सीटी स्कॅन सांगतात, कारण दर १० पेशंटपैकी साधारण एकाला थायमस ग्रंथीची गाठ असते.

११. पायापासून वर कमजोरी चढते आहे. चौथ्या दिवशी एनसीव्ही केली, जवळपास नॉर्मल आली. जीबीएस नाही ना?

असू शकतो. जीबीएसमध्ये पहिल्या आठवड्यात एनसीव्ही नॉर्मल येणं नेहमीचं आहे. नसेवरचं आवरण खराब होऊन ते मशीनवर उमटायला वेळ लागतो. सुरुवातीला बिघडतात त्या एफ-वेव्ह आणि एच-रिफ्लेक्स, कारण त्या नसेच्या मुळापर्यंत जाऊन परत येतात. हाताच्या संवेदी (स्पर्श कळवणाऱ्या) नसा बिघडलेल्या आणि पायाची सुरल नस शाबूत, हीही जीबीएसची ओळख. पाठीतल्या पाण्यातलं प्रोटीनही पहिल्या आठवड्यात वाढलेलं नसू शकतं.

म्हणून डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात आणि टेस्ट दोनेक आठवड्यांनी पुन्हा करतात. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देतात त्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा (रक्तातलं पाणी) बदलणं यांचा फायदा लवकर सुरू केल्यावरच जास्त. रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नका.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे पेशंट वाढले तेव्हा बातम्यांत ‘नांदेड’ वाचून आपल्याकडून फोन आले. ते सिंहगड रस्त्यावरचं नांदेड गाव. पण दूषित पाण्यातला कॅम्पिलोबॅक्टर जंतू कुठल्याही गावात असू शकतो. जुलाबानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पाय लटपटायला लागले तर हा आजार डोक्यात ठेवा.

१२. मुलाची पापणी सकाळी उठल्यावर एकदम पडली. मायस्थेनियाची टेस्ट करू का?

थांबा. रात्री तो जमिनीवर किंवा शेतात झोपला होता का? मण्यार रात्री चावते, बहुधा झोपलेल्याला. वेदना जवळजवळ नसते, दातांची खूणही दिसत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. नागाच्या विषानेही पापण्या पडतात. मायस्थेनिया हळूहळू येतो आणि सकाळी बरा असतो, इथे उलटं आहे. अशा वेळी ईएमजीचा विचारही करू नका. व्हेंटिलेटर आणि सर्पदंशाची लस असलेला दवाखाना गाठा.

फवारणीच्या औषधाचंही तसंच. ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत सुरुवातीचा त्रास ओसरल्यावर, १ ते ४ दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. आरएनएसमध्ये तेव्हाही घट दिसते, एका झटक्याला दोन-दोन प्रतिसादही दिसतात. फवारणी झाली असेल किंवा घरात कुणी ते औषध प्यायलं असेल तर ते लपवू नका. मला सांगा, डॉक्टरांना सांगा. आम्ही दोष द्यायला बसलेलो नाही.

१३. रिपोर्टमध्ये घट नाही, उलट ‘वाढ’ लिहिली आहे. हे काय?

लॅम्बर्ट-इटन असू शकतो. यात दोष नसेच्या टोकाकडे असतो; रसायन सुटतानाच अडकतं. पहिलं शिखर खूप लहान येतं. पेशंटने १० सेकंद स्नायू पूर्ण जोराने आवळला की तेच शिखर दुपटीहून मोठं होतं. टेक्निशियनने व्यायामानंतर लगेच झटका दिला नाही तर ही वाढ हुकते आणि रिपोर्टवर फक्त ‘शिखर लहान’ एवढंच उरतं. यातल्या साधारण निम्म्या पेशंटमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर आढळतो, म्हणून बिडी-सिगारेटचा इतिहास प्रामाणिकपणे सांगा आणि छातीचं सीटी टाळू नका.

१४. शुगर आहे. एनसीव्हीत नसा खराब निघाल्या. सगळे म्हणतात शुगरमुळेच.

बहुतेक वेळा शुगरमुळेच. पण शुगरमध्ये मुख्यतः पायाच्या बोटांपासून मुंग्या आणि बधिरपणा येतो, ताकद उशिरा जाते. दोन महिन्यांहून जास्त काळ ताकद कमी होत चालली असेल, उठता-बसता मांड्या आणि हात उचलताना खांदे कमजोर असतील आणि एनसीव्हीत वेग फारच मंद असेल, तर सीआयडीपी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. त्याला इलाज आहे. स्टेरॉइड दिलं तर शुगर वाढते, म्हणून डॉक्टर कधी इम्युनोग्लोब्युलिनकडे वळतात.

१५. मायोसायटिससाठी एकाच बाजूला सुई का घातली?

मुद्दाम. सुईने स्नायूत बारीक जखम होते. त्याच जागेचा तुकडा बायोप्सीला घेतला तर ती जखम आजारासारखी दिसते. म्हणून एका बाजूला ईएमजी, दुसऱ्या बाजूला बायोप्सी. सीपीकेचं (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचं) रक्तही सुईच्या आधी द्या.

१६. पेसमेकर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सून गरोदर आहे. चालेल का?

आधी सांगितलं तर बहुतेक वेळा चालतं. पेसमेकरच्या जवळ करंट देत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर सुई कुठे घालायची ते डॉक्टर ठरवतात. गोळी बंद करून येऊ नका. गरोदरपणी अडचण नसते.

१७. टेस्टची तारीख पुढच्या सोमवारची आहे, पण आता पाणी पितानाही ठसका लागतो.

सोमवारची वाट पाहू नका. ठसका, बोलताना आवाज नाकात जाणं, मान टेकवावी लागणं, एका श्वासात २० पर्यंत मोजता न येणं: यातलं काहीही असेल तर आजच आयसीयू असलेल्या दवाखान्यात जा. श्वासाचे स्नायू दमले की बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन बराच वेळ चांगला दिसतो, त्यावर विसंबू नका. टेस्ट नंतर होईल. दवाखान्यात गेल्या गेल्या सरकारी योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

१८. मायस्थेनिया ठरला. गावातल्या डॉक्टरांना काय सांगायचं?

तापाला किंवा अंगदुखीला सलाईन आणि इंजेक्शन घेण्याची आपली सवय इथे अंगावर येते. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी आणि अझिथ्रोमायसिन ही औषधं, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, बीपीच्या काही गोळ्या आणि क्विनाइन यांनी सांधा आणखी ढिला पडू शकतो. ऑपरेशनच्या आधी भुलेच्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगावंच लागतं. तोंडी सांगून लक्षात राहत नाही. न्यूरोच्या डॉक्टरांकडून टाळायच्या औषधांची यादी कागदावर घ्या. आमच्याकडे अंबडहून येणाऱ्या एका काकूंनी ती लॅमिनेट करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. मी विचारलं, तिथे का? म्हणाल्या, रात्री-बेरात्री घरातून कुणीबी धावलं तर आधी तीच पिशवी उचलतंय.